डोळ्यांनी ऐकलेला पियानो

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विषय निघाला की आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत माणसांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "वा! बाख, बीथोव्हेन, मोझार्ट! काय ती माणसे!" आणि एवढे बोलून झाल्यावर हळूच विषय बदलतो. दुसरा तट अधिक मोकळा असतो. तो म्हणतो, "आम्हाला बुवा त्यातले काही कळत नाही. फडताळातली भांडी एकदम कोसळावीत तसे वाटते."

खरे पाहता दोन्ही तटांची अडचण एकच असते. आपला कान एका सुरामागून चालायला शिकलेला आहे. भीमसेनजींची ध्वनिमुद्रिका लागलेली असो, की शेजारच्या काकू देवापुढे अभंग म्हणत असोत, गाणे एकच असते. तंबोरा त्याला बैठक देतो, तबला ठेका धरतो, पेटी सावलीसारखी मागून येते. जत्रेत वडिलांचे बोट धरून पोराने चालावे, तसा आपला कान त्या एका सुराचे बोट धरून चालतो. पियानोपाशी मात्र पंचाईत होते. तेथे दहा बोटे एकाच वेळी कामाला लागलेली असतात; दोन, तीन, कधी चार गाणी एकदम चालू असतात, आणि बोट धरायचे ते कुणाचे हेच उमगत नाही. मग जत्रेत हरवलेल्या पोरासारखा कान भांबावतो आणि म्हणतो, "गोंगाट आहे नुसता!"

या अडचणीवर एक मोठा मजेदार तोडगा निघालेला आहे, आणि गंमत अशी की तो कानासाठी नसून डोळ्यांसाठी आहे. पियानोवरची रचना वाजत असताना तिचे सूर पडद्यावर रंगीत आकृत्यांच्या रूपाने सरकताना दाखवायचे, असा हा उद्योग. यूट्यूबवर अशी शेकडो हलती चित्रे आज कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. त्या चित्रांची, त्यांच्यामागे असलेल्या तीनशे वर्षांच्या खटपटीची, आणि ती जेथे थांबतात त्या जागेचीही हकीकत सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

चित्र वाचायचे कसे?

पडदा काळाभोर असतो. त्यावर उजवीकडून डावीकडे रंगीत कांड्या सरकत येतात. प्रत्येक कांडी म्हणजे एक सूर. सूर जितका उंच, तितकी कांडी वर; जितका खालचा, तितकी ती खाली. सूर जितका वेळ टिकायचा, तितकी कांडी लांब. सरकत सरकत ती पडद्याच्या मध्यावर आली की एकदम उजळते आणि त्याच क्षणी तो सूर कानी पडतो. मग ती मंदावत मंदावत डावीकडे निघून जाते. म्हणजे पडद्याच्या डावीकडे झाले गेले ते, उजवीकडे यायचे ते, आणि मध्यावर चालू घटका! शाळेत आलेख काढलेल्या कोणत्याही मुलाला हे चित्र न शिकवता कळते.

युरोपियन संगीताची छापील लिपी मात्र अशी झटकन वश होत नाही. पाच आडव्या रेघा, त्यांवर पोकळ, भरीव, शेपटीची आणि बिनशेपटीची टिंबे. सूर वर आहे की खाली, हे रेघांवरून कळते. पण तो किती वेळ टिकणार हे टिंबाच्या आकारावरून ओळखावे लागते. ही लिपी सफाईने वाचायला वर्षे लागतात. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना ती लहानपणीच शिकवीत, आणि म्हणूनच मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोवेकर वादकांचा एवढा भरणा झाला. आपल्यापैकी बाकीच्यांना ती पाने म्हणजे तारेवर बसलेल्या चिमण्या!

आता एक उदाहरण घेऊ. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती जवळ ओढावी. बाखचा 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर' नावाचा संग्रह आहे. त्याच्या पहिल्या भागावर १७२२ हे साल आहे. त्यातली अगदी पहिली रचना पांढरी एकच्या पट्टीत आहे. पांढरी एकला षड्ज धरा आणि वाजवा : सा, ग, प, सां, गं, मग पुन्हा प, सां, गं. हे आठ सूर दोनदा वाजले की पहिला खंड झाला. दुसऱ्या खंडात सा, रे, ध, रें, मं. तिसऱ्यात मंद्र निषाद, रे, प, रें, मं. चौथ्यात पुन्हा पहिल्यासारखेच. असे एकंदर ३५ खंड आहेत आणि शेवटचे थोडे सोडले तर सगळ्यांची घडण हीच.

नुसते ऐकणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ तेच तेच काय वाजवीत बसला आहे? पडद्यावर पाहणाऱ्याला निराळेच दिसते. खालून वर चढणारी पाच पायऱ्यांची एक लहानशी शिडी आहे. ती पुन्हा पुन्हा येते, पण दर वेळी तिची एखादी पायरी किंचित वर किंवा खाली सरकलेली असते. कधी दोन पायऱ्या एकमेकींना चिकटतात आणि कानाला खुपल्यासारखे वाटते; पुढच्या खंडात त्या सुटतात आणि जीव खाली पडतो. रचनेचा सगळा अर्थ या सरकण्यात आहे. हे एकदा डोळ्यांना दिसले की कानही त्या सरकण्याची वाट पाहू लागतो. तेच तेच वाटणारे संगीत मग क्षणोक्षणी बदलणारे होऊन बसते.

षड्जाचा रंग कोणता?

सूर डोळ्यांना दाखवावेत ही हौस आजची नाही. न्यूटनने १७०४ मध्ये प्रकाशावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने इंद्रधनुष्याचे सात रंग मानले आणि ते सप्तकाच्या सात सुरांशी जुळवून दाखवले. सात सूर, सात रंग! कल्पना इतकी गोंडस, की पुढे कित्येकांना तिने झपाटले.

फ्रान्समधले पाद्री आणि गणिती लुई बर्त्राँ कास्तेल हे त्यांतले अग्रणी. डोळ्यांसाठी हार्पसिकॉर्ड बनवावा, असा विचार त्यांनी १७२५ मध्ये मांडला. हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य. प्रत्येक पट्टीला एकेक रंगीत काचेची खिडकी जोडायची. पट्टी दाबली की पडदा बाजूला होऊन त्या रंगाचा उजेड चमकायचा. जर्मन संगीतकार टेलेमान यांनी १७३९ मध्ये या वाद्याचे वर्णन लिहिले, आणि १७५४ मध्ये कास्तेल यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काही मंडळींना दाखवली. पण मेणबत्त्यांच्या उजेडावर ही करामत कितीशी चालणार! कास्तेल १७५७ मध्ये वारले आणि वाद्यही त्यांच्याबरोबरच गेले.

विजेचा दिवा आला तसा या हौसेला पुन्हा अंकुर फुटला. रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्रियाबिन स्वतः नामांकित पियानोवादक. 'प्रॉमिथिअस' ही त्यांची रचना १९१० मधली. तीत पियानोला मानाची जागा आहे, आणि स्वरलिपीच्या अगदी वरच्या ओळीत चक्क उजेडाचे वादन लिहिलेले आहे. कोणत्या क्षणी सभागृहात कोणता रंग पसरायचा ते सुरांच्याच लिपीत! १९११ मध्ये मॉस्कोला पहिला प्रयोग झाला तो रंगांवाचून, कारण यंत्र साथ देईना. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २० मार्च १९१५ रोजी रंगांसह प्रयोग झाला. स्क्रियाबिन त्या वेळी रशियात होते. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. आपल्या सुरांचा रंग त्यांना पाहायला मिळाला नाही.

परंतु या सर्व खटपटींची खरी अडचण यंत्रांत नव्हतीच. कोणत्या सुराचा कोणता रंग, यावर दोन माणसांचे एकमत होईना! पांढरी एक कास्तेल यांच्या मते निळी. स्क्रियाबिन यांच्या मते तिची पट्टी तांबडी. त्यांचेच ज्येष्ठ देशबांधव रिम्स्की-कोर्साकोव्ह म्हणत, ती पांढरी! पांढरी दोन पिवळी, एवढ्यापुरते या दोघा रशियनांचे जमले. बाकी बहुतेक ठिकाणी मतभेदच.

आणि या वादात आपलेही एक मत नोंदलेले आहे, बरे का! आजच्या दौलताबादेस, म्हणजे यादवांच्या देवगिरीस, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सातही स्वरांचे वर्ण दिलेले आहेत. षड्ज कमळाच्या रंगाचा, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा, तर निषाद चित्रविचित्र. न्यूटनच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण कास्तेल यांच्याशीही ती जुळत नाही आणि स्क्रियाबिन यांच्याशीही नाही. सुराला स्वतःचा असा रंग असता, तर तो देवगिरीत एक, पॅरिसमध्ये दुसरा आणि मॉस्कोत तिसरा कसा दिसला असता?

भोकांच्या कागदातली वाट

तोडगा निघाला तो वेगळ्याच वाटेने, आणि ती वाट सापडली होती पियानो विकणाऱ्यांना. अमेरिकेत १८९५ मध्ये एडविन वोटी यांनी 'पियानोला' नावाचे यंत्र केले. पायांनी भाता हलवायचा. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी सरकू लागते, भोकातून हवा आत शिरली की त्या त्या पट्टीवर आघात होतो. वाजवणारा कुणी नाही, आणि पियानो मात्र वाजतो आहे! घरोघरच्या मुलाबाळांना हा केवढा चमत्कार वाटला असेल. १९०८ मध्ये कारखानदारांनी एकत्र येऊन कागदाचे माप ठरवले : रुंदी सव्वाअकरा इंच, आणि पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी भोकांच्या ८८ जागा. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग गावच्या वेल्टे कंपनीने तर १९०४ पासूनच नामवंत वादकांचे वादन जसेच्या तसे अशा कागदावर उतरवून घेण्याची सोय केली होती. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी यांनी स्वतः वाजवलेल्या आपल्या काही रचना अशा गुंडाळ्यांमुळेच आपल्यापर्यंत पोचल्या आहेत.

आता ही गुंडाळी उलगडून भिंतीवर लावा. भोकाची आडवी जागा म्हणजे सूर कोणता ते. भोकाची लांबी म्हणजे सूर किती वेळ ते. आपण वर पाहिलेल्या रंगीत कांड्या त्या याच! कुणालाही चित्र काढायचे नव्हते. यंत्राला समजेल अशी खूण करायची होती, आणि त्या खटपटीत माणसाला समजेल अशी लिपी आपसूक तयार झाली. १९८३ मध्ये वाद्ये आणि संगणक यांच्या बोलचालीसाठी 'मिडी' नावाची सांकेतिक भाषा ठरली, तेव्हा प्रत्येक सुराला क्रमांक मिळाला. पियानोची सर्वांत खालची पट्टी २१, मधली पांढरी एक ६०, सर्वांत वरची १०८. संगणकावर संगीत रचणारी तरुण मंडळी ज्या चौकटीत सूर मांडतात तिला आजही 'पियानो रोल' म्हणतात. कागद गेला, भाता गेला, नाव राहिले.

मालिनोव्स्कींचे यंत्र

मध्यंतरी एका कलावंताने या हौसेला चित्रपटात नेऊन बसवले. ऑस्कर फिशिंगर हे मूळचे जर्मन; १९३६ मध्ये ते हॉलिवूडला आले. पियानोवादकांचा लाडका संगीतकार फ्रांझ लिस्ट, त्याच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हाप्सडीवर त्यांनी १९३८ मध्ये एक लहानसा चित्रपट केला. कागदाची रंगीत वर्तुळे बारीक तारांना टांगायची, एकेक केसभर हलवायची आणि दर खेपेस एक छायाचित्र घ्यायचे! सात मिनिटांच्या नाचासाठी केवढा हा खटाटोप! पुढे वॉल्ट डिस्ने यांच्या १९४० च्या 'फँटेसिया'तील बाखच्या प्रसंगावरही ते काम करीत होते. पण मते जुळेनात म्हणून सोडून गेले. फिशिंगर यांची वर्तुळे अप्रतिम नाचतात. तरीही ती सुराला प्रतिसाद देतात. सुराचा पत्ता सांगत नाहीत. पाहून मन प्रसन्न होते, पण कानाला बोट धरायला मिळत नाही.

ते बोट मिळवून दिले अमेरिकेतल्या स्टीफन मालिनोव्स्की यांनी. जन्म १९५३ चा. संगीतकार, पियानोवादक आणि संगणकाचे जाणकार. छापील स्वरलिपीतले सूर जिवंत होऊन नाचत असल्याचा भास आपल्याला १९७४ मध्ये झाला, असे त्यांनीच सांगितले आहे. भास पुष्कळांना होतात. हे गृहस्थ तो खरा करायच्या मागे लागले. प्रथम कागदावर रंगीत कांड्यांची चित्रे काढली. मग १९८५ मध्ये घरगुती संगणकावर त्यांना चालते केले. या योजनेला त्यांनी नाव दिले 'म्युझिक ॲनिमेशन मशीन'. पुढे यूट्यूब आले आणि एका माणसाचा छंद जगभरच्या घरांत जाऊन पोचला. आइसलंडच्या गायिका ब्यॉर्क यांनी २०११ मधल्या आपल्या 'बायोफिलिया' या उपक्रमासाठी त्यांच्याकडूनच अशी चित्रे करवून घेतली.

मालिनोव्स्कींची खुबी कशात आहे म्हणाल, तर त्यांनी रंगाकडून भलती अपेक्षा ठेवली नाही. सूर कोणता हे कांडीची उंची सांगते. रंगाकडे काम उरते ते ओळख पटवण्याचे : डाव्या हाताचा निळा, उजव्या हाताचा केशरी, किंवा एका रचनेत तीन पदर असतील तर तिघांना तीन रंग. शाळेच्या खेळात दोन संघांना दोन रंगांचे सदरे देतात, तसेच हे. लाल सदऱ्यातला मुलगा स्वभावाने लाल असतो असे कुणी मानत नाही; पण गर्दीत आपला गडी ओळखू येतो!

काही चित्रांत त्यांनी बारा सुरांना बारा रंग दिलेले आहेत, नाही असे नाही. पण तेथेही युक्ती आहे. ज्या सुरांचे नाते षड्ज-पंचमाचे, त्यांचे रंग एकमेकांच्या शेजारचे ठेवले आहेत. रचना आपल्या मूळ पट्टीत असली की पडद्यावर एकाच कुळातले रंग दिसतात. ती दूरच्या पट्टीत शिरली की सगळी रंगसंगती पालटते. षड्जाचा रंग कोणता, हा प्रश्नच येथे सुटून जातो. कोण कुणाचा शेजारी, एवढेच विचारायचे. षड्जपंचमभाव मानणाऱ्या आपल्या संगीताला हे तत्त्व समजावून सांगायला नको.

तिघे गातात

या चित्रांची खरी परीक्षा होते ती 'फ्यूग' या रचनाप्रकारात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ पळणे. एक पदर एक लहानसे वाक्य म्हणतो. ते संपताच दुसरा पदर तेच वाक्य वेगळ्या सुरावरून म्हणू लागतो आणि पहिला गप्प न बसता त्याच्याशी बोलत राहतो. मग तिसरा येतो. बाखच्या त्याच संग्रहातला दुसरा फ्यूग तीन पदरांचा आहे. पांढरी एकचीच पट्टी, पण गंधार, धैवत, निषाद कोमल. एकूण अवघे ३१ खंड. वाजायला दोन मिनिटेही पुरतात.

माझी आत्या ऐंशी ओलांडलेली. नाट्यसंगीत आणि भजन यांवर पोसलेला तिचा कान. पियानोशी तिचा संबंध जुन्या चित्रपटांतल्या नायकांपुरता. तिला हा फ्यूग मी रंगीत चित्रासह लावून दिला. प्रथम मधला पदर एकटाच निघाला, हिरवा. तिसऱ्या खंडापाशी वर तांबडा उमटला.

"अगं, हा तर मघाचेच म्हणतोय!" आत्या म्हणाली. "पण वरून, पंचमावरून घेतलंय त्याने."

सातव्या खंडापाशी खालून निळा शिरला. आत्या चष्मा सावरून पुढे सरकली. "आणि हिरव्याला कुणी थांबवत कसं नाही? तो आपला बोलतोच आहे!"

"आत्या, त्याला थांबायचं नसतंच. तिघांनीही बोलत राहायचं."

ती थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे एक गातो नि बाकीचे साथ करतात. यांच्याकडे तिघेही गातात नि तिघेही साथ करतात. घर चालवण्यासारखंच की गं हे!"

संगीतावरच्या जाड पुस्तकांत फ्यूगची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. रचना संपत आली. खालचा षड्ज लांबच लांब धरलेला, वर शेवटचे सूर. आणि आत्या एकदम म्हणाली, "शेवटी शुद्ध गंधार लावला की गं याने!"

अगदी बरोबर. सबंध रचना कोमल गंधाराची. शेवटच्या घडीला बाख शुद्ध गंधार लावतो आणि उन्हाची तिरीप यावी तसे सगळे उजळते. ही त्या काळच्या युरोपातली प्रसिद्ध रीत. पण लक्षात घ्या, पडद्यावर हे जवळजवळ दिसत नाही! कोमलाचा शुद्ध झाला म्हणजे कांडी केसभर वर सरकली, इतकेच. तेवढा फरक माझ्या डोळ्यांनी टिपला नाही. आत्याच्या कानाने टिपला. तीन पदर तिला चित्राने दाखवले. पण त्या शेवटच्या क्षणाचा आनंद तिने साठ-सत्तर वर्षे घासलेल्या कानाच्या जोरावर मिळवला.

जे दिसत नाही

या चित्रांचा तोकडेपणा मला येथे दिसतो, आणि तो सांगितलाच पाहिजे. उंची आणि लांबी मोजता येतात, म्हणून ती दाखवता येतात. गाणे मात्र पुष्कळसे न मोजलेल्या जागेत राहते.

त्या पहिल्या पाच पायऱ्यांच्या रचनेचेच पाहा. कॅनडाचे ग्लेन गूल्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात ती ध्वनिमुद्रित केली; ते ती तुटक, टिचकी मारल्यासारखी वाजवतात. रशियाचे स्व्यातोस्लाव रिख्टर यांनी १९७० मध्ये केलेले मुद्रण ऐका. तेथे सूर एकमेकांत मिसळतात, जणू मोठ्या घुमटाखालून येताहेत. मूळ स्वरलिपीवरून कांड्या काढल्या तर दोघांचे चित्र एकच. कान मात्र दोघांना हजारांत ओळखील.

देब्युसी यांच्या 'क्लेर द ल्यून'चेही तसेच. १९०५ मध्ये छापलेली ही चांदण्याची रचना काळी एकच्या पट्टीत आहे. तिचे रंगीत चित्र अतिशय देखणे होते : जोडीजोडीने सावकाश उतरणारे सूर, आणि मधल्या भागात खालून उसळणाऱ्या लाटा. तरी त्या रचनेत सुरांइतकेच महत्त्व आहे ते सूर विरत जाण्याला. पियानोची तार एकदा ठोकली की तिचा आवाज त्या क्षणापासून मावळायला लागतो. वादकाला तो वाढवता येत नाही. त्या मावळत्या आवाजात पुढचा सूर किती हळुवार टाकायचा, यात वादकाचे सारे आयुष्य खर्ची पडते. कांडी मंद करून या मावळण्याची सूचना देता येते. सूचना आणि अनुभव यांत मात्र नकाशा आणि गाव यांच्याइतके अंतर आहे.

आणखी एक इशारा पालकांसाठी. २००६ पासून 'सिंथेसिया' नावाची एक संगणकीय योजना मिळते. तीत कांड्या वरून खाली पडतात आणि ज्या पट्टीवर पडतील ती दाबायची. मुलांना हा खेळ आवडतो. आठवड्याभरात पोर एखादी धून वाजवू लागते. कौतुक जरूर करावे. पण डोळे कांडीवर आणि बोटे पट्टीवर खिळली की मधला कान बेकार राहतो. तीच धून पडदा बंद करून वाजवायला सांगा. खरे शिक्षण किती झाले ते लगेच समजेल.

आपल्या गाण्याचे चित्र

साहजिकच मनात येते, आपल्या ख्यालाचे असे चित्र काढता येईल का? कांड्यांनी मुळीच नाही. पियानोच्या ८८ पट्ट्या म्हणजे ८८ स्वतंत्र खोल्या. एकीतून दुसरीत जायचे तर उडीच मारावी लागते. आपला गवई भिंती मानत नाही. मींड घेताना तो ऋषभावरून गंधारावर कधी पोचला ते सांगता येत नाही. दरबारीतला गंधार तर एका जागी उभाच राहत नाही. त्याला कांडीत कोंडले की दरबारी संपली.

म्हणून आपल्या गाण्याला सलग रेघ हवी. आणि असे काम मुंबईत झालेले आहे. नरिमन पॉइंटवरचे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठ यांनी मिळून 'म्युझिक इन मोशन' हा प्रकल्प केला. सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर हे त्याचे कर्ते. संगणक गायकाच्या आवाजाची उंची क्षणोक्षणी मोजतो आणि गाणे चालू असताना पडद्यावर तिची वळणदार रेघ दाखवतो. मागे रागातल्या स्वरांच्या आडव्या रेघा असतात. आलाप कसा एखाद्या स्वराभोवती घुटमळतो, आंदोलन म्हणजे काय, हे त्या रेघेवर स्पष्ट दिसते. पियानोला कांड्या, ख्यालाला रेघ. ज्याचे जसे शरीर, तसा त्याचा पोशाख.

तीनदा ऐका

ज्यांना हा प्रयोग घरी करून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी माझी एक साधी पद्धत सांगते. दिवाळीच्या सुट्टीत फराळ झाल्यावर सगळे एकत्र बसलेले असतातच. दोन-तीन मिनिटांची एखादी रचना निवडा. बाखचा तो तीन पदरांचा फ्यूग उत्तम.

पहिल्या खेपेस प्रत्येकाने एकेक रंग वाटून घ्यावा. आजीने हिरवा, नातवाने तांबडा, आईने निळा. ज्याने त्याने फक्त आपल्याच रंगामागून जायचे. इतरांकडे पाहायचे नाही. दुसऱ्या खेपेस रंगांची अदलाबदल. खालचा पदर ज्याच्या वाट्याला येईल त्याला प्रथम कंटाळा येईल, आणि मग कळेल की वरचे दोघे त्याच्याच आधारावर उड्या मारीत होते.

तिसरी खेप सर्वांत महत्त्वाची. पडदा पालथा करून ठेवा आणि नुसते ऐका. ज्या ठिकाणी आधी भांडी कोसळत होती तेथे आता तीन माणसे बोलत आहेत असे वाटले, तर चित्राचे काम झाले. मुलाला सायकल शिकवताना मागून बसायची जागा धरून आपण धावतो, आणि योग्य वेळी मुकाट्याने हात सोडतो. या रंगीत कांड्यांचे मोल तेवढेच आहे, आणि तेवढे ते थोडे नाही. हात धरणारे पुष्कळ भेटतात. ज्याचा हात सुटल्यावरही आपण चालत राहतो, त्यानेच आपल्याला खरे शिकवलेले असते.